लग्नाला सहा आठवडे आणि दोन ट्यूब: गोरेपणाचं हे खूळ आलं कुठून?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

मिरजेत आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी टाकलेलं. गेली सतरा वर्षं काउंटरवर मी बसते, लायसन्सही माझ्याच नावावर आहे. परवा जे घडलं ते इथे लिहितेय, कारण दोन दिवस झाले डोक्यातून जात नाही.

दुपारी अडीचच्या सुमारास मायलेकी आल्या. मुलगी तेवीस-चोवीसची, ओढणी कपाळावर ओढून घेतलेली. आईने पर्समधून एक ट्यूब काढली. शेवटच्या थेंबापर्यंत गुंडाळत आणलेली. म्हणाली, "हीच द्या, दोन द्या. सहा आठवड्यांवर लग्न आलंय."

मी चिठ्ठी मागितली. "चिठ्ठी कशाला? पार्लरवालीने सांगितलंय. दीड वर्ष लावतेय, चांगला गुण आलाय."

मुलीने ओढणी जरा मागे सारली. दोन्ही गाल लाल. ती लाली वरची नव्हती, कातडीच्या आतून बारीक लाल रेघा दिसत होत्या, पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या. हनुवटीवर पुरळ, गालांच्या कडेला दाट लव. उन्हात उभं राहिलं की चेहऱ्याची आग आग होते, म्हणून ती ओढणी. तिचा खरा रंग मानेवर आणि मनगटांवर दिसत होता. छान तुकतुकीत सावळा.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं असतात: मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. वांगावर त्वचेचे डॉक्टर ती काही आठवड्यांसाठी देतात. दीड वर्ष रोज रात्री चेहऱ्याला फासायला ती नाहीच. 2018 च्या मार्चमध्ये सरकारने चौदा स्टेरॉइडांची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. त्याआधी ती सर्रास कुणालाही मिळायची. मीही दिली आहेत. पावडर, टिकल्यांची पाकिटं आणि ही ट्यूब, असं एकत्र बिल केलेलं मला आठवतं. तेव्हा कुणाचा चेहरा निरखून पाहावा असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

मी नाही म्हटलं. आई चिडली. "तुमचं काय जातंय? सासरच्यांनी मुलगी पाहिली तेव्हा ती उजळ होती. आता लग्नात काळी दिसली तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोघी निघून गेल्या. समोरच्या चौकात आणखी तीन मेडिकल आहेत.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. अशा आईला काय सांगावं? आणि हे आपल्यात आलं कुठून? माझे सासरे म्हणायचे, इंग्रजांनी लावलेलं खूळ आहे. खरंच एवढंच आहे का?

निशिगंध

ताई, वाचून पोटात कालवलं. माझ्या मोठ्या बहिणीने लग्नाआधी असंच काहीतरी लावलं होतं. आज ती पंचेचाळिशीची आहे आणि गॅसजवळ उभी राहिली तरी तिचा चेहरा पेटतो. स्वयंपाक ती पहाटे उरकते.

काकडआरती

मी एका वधू-वर सूचक मंडळात अकरा वर्षं नोंदी ठेवायचं काम केलं. आमच्या फॉर्मवर रंगाच्या रकान्यात चार पर्याय छापलेले असत: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. "काळा" हा पर्यायच नव्हता. आई-वडील मुलीचा फॉर्म भरताना एक पायरी वर चढवत, सावळीला गव्हाळ करत. मुलांच्या फॉर्मवर हा रकाना पुष्कळदा रिकामाच सोडलेला असे आणि कुणी विचारतही नसे. पत्रिका, उंची, पगार सगळं जुळलेली स्थळं "मुलगी जरा डावी आहे" एवढ्या एका वाक्यावर परत आलेली मी पाहिली आहेत. हा "डावी" शब्द तोंडावर बोलता येतो म्हणून वापरतात, अर्थ सगळ्यांना कळतो.

2020 मध्ये एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने लोकांनी मागणी केल्यावर रंगाची चाळणी काढून टाकली. चांगलं केलं. पण फोटो तर आहेतच, आणि फोनवर फोटो उजळ करायला सेकंद लागतो.

रानवाट

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. ज्याला जे आवडतं ते आवडू द्या. कुणी केस रंगवतं, कुणी दात सरळ करून घेतं. मग गोरं व्हावंसं वाटलं तर त्यात वसाहतवाद कुठून आला? आणि आपला तर देवच सावळा आहे, पंढरपुरात लाखो लोक त्याच्या पायावर डोकं ठेवतात. आपण रंगावरून भेद करणारे लोक नाही.

काकडआरती

रानवाट, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर बोलता येईल, पण दुसरा मला पटत नाही. मी स्वतः वारकरी घरातला. माळ घातलेल्या, एकादशी न चुकवणाऱ्या माणसांनी मुली नाकारताना मी पाहिलं आहे. विठोबाला कुणी सून करून घेत नाही.

तळटीप

धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो. हा माझ्या अभ्यासाचा भाग आहे.

सासरेबुवांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उजळ रंगाची आवड इंग्रजांच्या आधीपासून होतीच. शेतात राबणाऱ्याचा रंग रापतो, ओटीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याचा रापत नाही. साधं कारण आहे, आणि ते पुष्कळ देशांत दिसतं. इंग्रजांनी नवं काय केलं? त्यांनी रंगाला राज्य करण्याचं कारण बनवलं आणि ते कायद्यात, मोजमापात आणि नोकऱ्यांत बसवलं.

1883 चं इल्बर्ट बिल घ्या. जिल्ह्यातल्या भारतीय न्यायाधीशालाही गोऱ्या आरोपीचा खटला चालवता यावा, एवढीच तरतूद. त्यावर इथल्या गोऱ्या लोकांनी इतका गहजब केला की शेवटी गोऱ्या आरोपीला निम्मे तरी गोरे पंच मागण्याचा हक्क देऊन कायदा मिळमिळीत करावा लागला. न्यायाधीश किती शिकलेला, किती अनुभवी, याला किंमत उरली नाही.

मोजमापाचं बोलायचं तर हर्बर्ट रिस्ले, 1901 च्या जनगणनेचे आयुक्त. या गृहस्थांनी लोकांची नाकं मोजली. नाकाची रुंदी आणि लांबी यांचं गुणोत्तर काढायचं आणि त्यावरून कोण "आर्य", कोण "द्रविड" ते ठरवायचं. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धांत होता. आज तो कुणी मानत नाही. पण "धारदार नाक, गोरा रंग, अगदी वरच्या जातीतली वाटते" हे वाक्य आपल्या दिवाणखान्यात अजून ऐकू येतं. लोकांच्या मनात आधीपासून असलेल्या उतरंडीला रिस्लेंच्या मोजपट्टीने विज्ञानाचा शिक्का दिला. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हे आहे.

आता मला अतिशय महत्त्वाची वाटणारी गोष्ट. दादाभाई नौरोजी मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक होते. 1886 मध्ये ते लंडनच्या होबर्नमधून पार्लमेंटच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. दोन वर्षांनी इंग्लंडचे पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी भर सभेत म्हणाले की एखादा इंग्रज मतदारसंघ "काळ्या माणसाला" निवडून देईल असं त्यांना वाटत नाही. यावर तिकडे मोठी चर्चा झाली, आणि तेव्हाच्या लोकांनी एक गोष्ट बोलून दाखवली: दादाभाई रंगाने खुद्द सॉल्सबरींपेक्षा उजळ होते! 1892 मध्ये दादाभाई सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी.

रानवाट, हे तुमच्यासाठी लिहिलं. दादाभाईंच्या कातडीत कमी काहीच नव्हतं. "काळा" म्हणजे ज्याच्यावर राज्य करायचं तो, असा अर्थ होता. केस रंगवण्याशी याची तुलना होत नाही.

वैनगंगा

तळटीप यांचं लिखाण उत्तम आहे, पण "राबणाऱ्याचा रंग रापतो" म्हणून ते पुढे गेले. तिथे थांबायला हवं होतं. राबायला कुणाला लावलं? उन्हात कुणी उभं राहायचं आणि सावलीत कुणी बसायचं, हे जातीने ठरत होतं, आणि ते इंग्रज यायच्या कितीतरी आधी. काळ्या ब्राह्मणावर आणि गोऱ्या शूद्रावर विश्वास ठेवू नये अशा अर्थाची म्हण माझ्या आजीच्या तोंडून मी ऐकली आहे. तिला ती तिच्या मालकिणीने सुनावली होती, कारण माझी आई जन्मली तेव्हा उजळ होती. म्हणजे सावळं असाल तर "जात दिसते" आणि गोरं असाल तर संशय. दोन्हीकडून मार.

शाळेत नाटकात राक्षस, डाकू, भिकारी कोण होणार हे बाई वर्गावर नजर फिरवून ठरवायच्या. मी पाच वर्षांत तीनदा राक्षस झाले. मला अभिनय येत होता, पाठांतर पक्कं होतं. सीतेचे संवाद मला आजही येतात.

गोऱ्या साहेबाचा दोष सांगा, जरूर सांगा. पण तो दोष आपल्या घराच्या दारावर लावून आत लपू नका.

तळटीप

वैनगंगा, तुम्ही म्हणता ते मान्य. मी ते एका वाक्यात उरकलं, ती माझी चूक. तुमच्या म्हणण्याला जोडणारं एक उदाहरण देतो. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली या ज्यू समाजात "गोरे इस्रायल" आणि "काळे इस्रायल" असे दोन गट मानले जात. समाजाबाहेरच्या बायकांपासून झालेल्या संततीला "काळे" म्हणत आणि गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत. एवढासा समाज, तेल गाळून पोट भरणारा, पण भोवतालची उतरंड त्याने उचललीच. आणि नाव कशाचं दिलं? रंगाचं.

पारंबी

चित्रांबद्दल थोडं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात जरूर जा आणि पद्मपाणी पाहून लगेच बाहेर पडू नका. तिथल्या भिंतींवर गडद सावळ्या, तांबूस, गव्हाळ अशा सगळ्या रंगांच्या राण्या, दासी, राजपुत्र एकमेकांना खेटून बसले आहेत. एक गडद रंगाची राजकन्या तर अभ्यासकांत प्रसिद्धच आहे. तिच्या डोळ्यांच्या पापण्या आणि गळ्यातले मोती मी टॉर्चच्या उजेडात कितीतरी वेळ पाहत उभा होतो. मोत्यांचा पांढरा रंग त्या कांतीवर जसा उठतो तसा शेजारच्या गोऱ्या अंगावर उठत नाही. रंगवणाऱ्याला ते नक्की माहीत होतं.

मग 1894 मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. चित्रं सुंदर आहेत, आमच्या देवघरातही होती. पण त्या देवी विलायती तैलचित्रांच्या पद्धतीने रंगवलेल्या, गोऱ्यापान. आज "देवीसारखी दिसते" म्हटलं की डोळ्यांसमोर कुठला रंग येतो, बघा.

त्वचावैद्य

कृष्णाकाठ ताई, तुम्ही ट्यूब दिली नाहीत, त्याबद्दल आधी आभार. तुम्ही सांगितलेल्या चेहऱ्याला आम्ही त्वचारोगतज्ज्ञांनी नावच दिलं आहे, "स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा". माझ्याकडे आठवड्यातून असे अनेक येतात.

होतं काय ते सोप्या भाषेत सांगते. स्टेरॉइड लावलं की सूज आणि लाली दबते, रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा चार दिवसांत उजळ दिसतो. म्हणून लोक म्हणतात "गुण आला". महिन्यांमागून महिने गेले की कातडी पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या कायमच्या रुंदावतात, पुरळ येतं, लव वाढते. मलम थांबवलं की आठ-पंधरा दिवसांत चेहरा लालबुंद होऊन जळायला लागतो. घाबरून लोक परत तेच लावतात, आणि आग शांत झाली की वाटतं हेच औषध. व्यसनासारखंच हे चक्र आहे.

दुसरा धोका पार्लरमध्ये डबीत मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या क्रीमचा. कातडीतला रंग बनवण्याचं काम पारा रोखतो, म्हणून तो त्यात घालतात. पाऱ्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात आधी सौंदर्यप्रसाधनात दहा लाख भागांत एक भाग एवढीच पाऱ्याची मर्यादा होती; 2023 मध्ये पारा घातलेली सगळीच प्रसाधनं बंद करायचं ठरलं. अकोल्याची 2023 ची बातमी काहींना आठवत असेल: एकाच घरातली आई आणि दोन मुली, स्थानिक पार्लरमधली क्रीम, तिघींच्या किडन्यांवर परिणाम. मुंबईच्या केईएममध्ये छडा लागला आणि क्रीममध्ये पारा सापडला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही त्याच सुमाराला असे रुग्ण मिळाले. लघवीला फेस, पायांवर सूज आणि घरात अशी डबी, असं असेल तर पहिल्यांदा ती डबी घेऊन डॉक्टरकडे जा.

जोबर्गकर

मी जोहान्सबर्गला नोकरीनिमित्त आहे. इथला इतिहास या धाग्यावर यायलाच हवा. 1950 च्या कायद्याने इथे प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद झाली. शंका असली तर केसात पेन्सिल घालून बघत: खाली पडली तर एक वर्ग, अडकली तर दुसरा. घर कुठे, शाळा कुठली, बसायचं कुठे, सगळं त्यावर ठरायचं. अशा देशात गोरं करणाऱ्या क्रीम विकल्या जाणारच. हायड्रोक्विनोनच्या क्रीम वर्षानुवर्षं लावून काळ्या बायकांच्या गालांवर निळसर काळे, खरबरीत डाग पडले. ते पुसले जात नाहीत. माझ्या ऑफिसात साफसफाई करणाऱ्या मावशींच्या गालांवर आहेत. त्या म्हणाल्या, "तेव्हा आम्हाला फक्त पोस्टाच्या रांगेत लवकर पुढे जायचं होतं."

इथले डॉक्टर आणि वर्णद्वेषाविरुद्ध लढणारे लोक एकत्र आले आणि 1990 मध्ये या क्रीमवर बंदी आली. प्रसाधनाच्या जाहिरातीत "गोरं करते" असं म्हणायलाही मनाई झाली.

रानवाट

मी वर लिहिलं ते मागे घेतो. पेन्सिलचं वाचून दोनदा थांबलो. कॉलेजात असताना मीही पुरुषांची म्हणून 2005 च्या सुमाराला आलेली क्रीम लावायचो. कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाखतीत आत्मविश्वास वाटेल असं वाटायचं.

निशिगंध

आपल्याकडे पण प्रयत्न झालेत. 1975 ला बाजारात आलेल्या त्या प्रसिद्ध क्रीमच्या जाहिराती आठवा, सावळी म्हणून नोकरी नाही, गोरी झाल्यावर लगेच. महिला संघटनांनी तक्रारी लावून धरल्या तेव्हा 2003 मध्ये सरकारने त्यातल्या काही बंद करायला लावल्या. 2014 मध्ये जाहिरात क्षेत्रानेच नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी, मागे पडलेलं दाखवायचं नाही. 2020 मध्ये क्रीमच्या नावातला "फेअर" गेला आणि "ग्लो" आला. त्याच वर्षी कायद्यात बदल करून गोरेपणाच्या दाव्याची जाहिरात गुन्हा ठरवायचा मसुदाही सरकारने काढला होता. नाव बदललं तरी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात लोक जुन्याच नावाने मागतात.

वधूशृंगार

मी कोल्हापूर-सांगली भागात नवरीचा मेकअप करते, बारा वर्षं झाली. त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित माझ्याकडे आहे.

आमच्या धंद्यात "दोन शेड वर" असा शब्द आहे. नवरीची आई, मावशी, कधी होणारी नणंद हळूच सांगते, "ताई, दोन शेड वर घ्या हं." म्हणजे फाउंडेशन तिच्या रंगापेक्षा दोन पायऱ्या उजळ. मी सुरुवातीची कित्येक वर्षं घेत होते. मग काय होतं? तोंड पांढरं, मान वेगळी, हात वेगळे. हात झाकायला मेंदी, मान झाकायला हार. फोटोत फ्लॅश पडला की चेहरा राखाडी दिसतो. आणि मुलगी दिवसभर घाम पुसायला घाबरते.

आता मी जबड्याच्या कडेला तीन शेडच्या रेघा ओढते, मुलीला खिडकीच्या उजेडात आरसा देते आणि विचारते, कुठली रेघ दिसत नाही? जी दिसेनाशी होते ती तुझी. मागच्या मोसमात एक मुलगी आरशात पाहून बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मी मीच दिसतेय." गडद जांभळी पैठणी होती, सोन्याची काठाला झळाळी. सावळ्या अंगावर जुनं सोनं जसं खुलतं तसं कशावरच खुलत नाही, हे मी हजार नवऱ्या सजवून सांगते.

ताई, त्या मुलीला माझ्याकडे पाठवा. जळणाऱ्या कातडीवर काय चालतं ते डॉक्टरांना विचारून करेन. पैसे नकोत.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहिता आलं नाही.

वैनगंगा, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, माझं नाव माहेरी "काळी" होतं, पाळण्यातलं नाव मला शाळेत घातल्यावर कळलं. चाळीस वर्षांत हे त्या पहिल्यांदा बोलल्या.

आता मुख्य. त्या आईला चौकातल्या दुसऱ्या दुकानात ट्यूब मिळाली. मला वाटलंच होतं. पण काल रात्री साडेनऊला दुकानाच्या फोनवर त्या मुलीचा फोन आला. नंबर जुन्या बिलावरून शोधला म्हणाली. हळू आवाजात बोलत होती. "तुम्ही नाही म्हणालात तेव्हा आईला राग आला, मला बरं वाटलं. ट्यूब आणलीय पण मी दोन रात्री लावली नाही. आज गाल फार जळतायत. लग्नापर्यंत जाईल का हे?"

मी तिला म्हटलं, विचारून सांगते. त्वचावैद्य मॅडम, काय सांगू?

त्वचावैद्य

खरं सांगा. सहा आठवड्यांत पूर्ण जाणार नाही, काही महिने लागतील, कधी वर्षही. पण एकदम बंद करून घरात सोसत बसू नको म्हणावं. दीड वर्षाचा वापर आहे, त्वचेच्या डॉक्टरकडून हळूहळू उतरवावं लागेल आणि जळजळीसाठी स्टेरॉइड नसलेलं दुसरं औषध मिळतं. आजपासून चेहऱ्याला साबण, बेसन, लिंबू, वाफ, ब्लीच, फेशियल काही नको. साधं वास नसलेलं मॉइश्चरायझर, थंड पाण्याच्या घड्या, उन्हात छत्री. हळदीच्या दिवशी चेहऱ्याला हळद न लावता हातापायांना लावा, हे गुरुजींना आधीच सांगून ठेवा. ती ट्यूब फेकू नको, डॉक्टरला दाखवायला सोबत ने.

मिरजेच्या सरकारी रुग्णालयातही त्वचेची ओपीडी आहे, फी परवडत नसेल तर तिथे जाऊ दे. आणि शक्य असेल तर ताई, पहिल्या खेपेला तुम्ही तिच्याबरोबर जा.

कृष्णाकाठ

जाते. सकाळी दुकान नवऱ्यावर सोपवलंय. तिला नऊ वाजता बसस्टँडवर बोलावलंय. आईलाही घेऊन ये म्हटलंय.